खुर्चीचे पैसे मिळतात, कानाचे नाही



अड्याळच्या आमच्या मोहल्ल्यात माझी भाची राहते. वय वर्षं आठ. उपजतच ऐकू येत नाही. कानात मशीन घातली तर थोडंफार, तेही समोरचा तिच्याकडे तोंड करून बोलला तर. दोन वर्षांपूर्वी २५ टक्क्यांच्या सोडतीत एका खाजगी इंग्रजी शाळेत तिचा नंबर लागला. ताईनं मोहल्लाभर पेढे वाटले. यंदा रोवण्याच्या दिवसांत तीच ताई बांधीतून आली, चिखलाच्या पायानं ओट्यावर बसली आन् म्हणाली, "भाऊ, पोरीला घरीच ठेवू का? मॅडम म्हणते, आमच्याकडं हिची सोय नाही. शेवटच्या बाकावर नुसती बसवून ठेवते. काहून पाठवू?"

शाळेला शिव्या घालणं सोपं होतं. घातल्याही. मग कागद वाचले आणि कळलं, ही लबाडी एका शाळेची नाही. हिशेबच लबाड आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरच्या पोरांना दिल्या. अपंग मूल त्या वंचितांत आलं २०१२ च्या दुरुस्तीनं. तोवर ते कुणाला आठवलंच नव्हतं. या पोरांची फी सरकार शाळेला भरून देतं. महाराष्ट्रात २०१९-२० साली हा आकडा पोरामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये ठरला. ऐकणाऱ्या पोराला तेवढेच, बहिऱ्या पोरीला तेवढेच. म्हणजे खुर्चीचे पैसे मिळतात, कानाचे मिळत नाहीत.

कानाचे पैसे सरकारच्या दुसऱ्या खिशात आहेत. २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजेच्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद झाली. पण ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत असती तर सरकारदरबारी बहिरी ठरली असती. खाजगी शाळेचं गेट ओलांडलं आणि कागदावर तिला ऐकू यायला लागलं! असला चमत्कार कुठल्या बुवाबाबालाही जमला नाही.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा म्हणतो, मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना सामावून घ्यावं म्हणून सरकार 'प्रयत्न करील'. प्रयत्न! सुप्रीम कोर्टानं २०२१ साली प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलं. राज्य सरकारनं २०२४ साली केंद्र पातळीवर अशा शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. अपंगाला दिव्यांग हे गोंडस नावही दिलं. पण भाचीच्या बाकापाशी अजून कुणी येऊन उभं राहिलं नाही.

संस्थाचालक म्हणतात, सरकार फीचीच बाकी देत नाही, विशेष शिक्षक कुठून ठेवू? बाकी खरी आहे, शेकडो कोटींची आहे. पण मान्यता सरकारची घ्यायची, धर्मादाय म्हणून करसवलत लाटायची आणि गरिबाचं पोर दारात आलं की दुकानदार व्हायचं, हा कुठला धर्मादाय? आणि सरकारची नियत म्हणाल तर ती फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडी पडली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा नियमच काढला. जुलैमध्ये हायकोर्टानं तो रद्द केला म्हणून वाचलो.

आपलेच काही मित्र विचारतात, खाजगी शाळेला सरकारी पैसा द्यायचाच काहून? जिल्हा परिषदेची शाळा सुधारा. सुधाराच. त्या लढाईत मी पुढे आहे. पण तोवर पोरीनं शेवटच्या बाकावर म्हातारं व्हायचं का? हा पैसा शाळेचा नाहीच, पोरीचा आहे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनला हेच सुनावलं होतं, की कर भरतो रयतेचा घाम आणि शिकतात वरच्यांची पोरं. बाबासाहेबांना वर्गात वेगळं गोणपाटावर बसवलं. आज गोणपाट गेलं, शेवटचा बाक आला.

म्हणून आपलं मागणं सरळ आहे. विशेष गरजेचा पैसा मुलाच्या मागे जावा, मूल कुठल्याही शाळेत असो. तो संस्थेच्या खात्यात मुरू नये. त्या पैशात काय आणलं, कोण शिकवायला आलं, ते शाळेच्या फळ्यावर लिहावं. केंद्राचा विशेष शिक्षक २५ टक्क्यांच्या पोरांपर्यंत खाजगी वर्गातही गेला पाहिजे. आणि आठवीनंतर फीचं बिल हातात ठेवणं बंद करा. २०१६ चा कायदा अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतो.

ताईला मी सांगितलं, घरी ठेवायची नाही. उद्या तू रोवण्याला जा, शाळेत मी जातो. मोहल्ल्यातली पाच-दहा पोरं सोबत येताहेत. अर्ज लिहून झाला आहे, त्यावर पोरीनं स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलं आहे. तिला ऐकू येत नाही. तुम्हाला तर येतं ना?