हरित कारखाना हवाच, पण मालक कोण?

सिन्नरला उद्योग नवा नाही. आधी घरोघरी विड्या वळणाऱ्या बाया, मग मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत, नंतर माळेगावची एमआयडीसी. या प्रत्येक टप्प्यावर आपले लोक होते, पण मजूर म्हणून. कारखान्याच्या पाटीवर आपले नाव किती ठिकाणी लागले?

आता 'शाश्वत उद्योग' हा परवलीचा शब्द झाला आहे. छतावर सोलर, सांडपाण्याचा पुनर्वापर, गेटजवळ चार झाडे. सिन्नरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्याला पाणी वाचवणारा कारखाना हवाच. पण त्या कारखान्याच्या सेप्टिक टँकमध्ये उतरतो कोण? सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. वीज हरित आणि सफाई जातीनुसार, अशा कारखान्याला आम्ही शाश्वत म्हणणार नाही.

नुसता मोठा आकडा म्हणजे विकास, हेही आम्हाला मान्य नाही. गुळवंच-मुसळगाव परिसरात सेझसाठी शेतजमिनी गेल्या. 1350 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला आणि वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. जमीन गेली, रोजगार आला नाही.

म्हणून उद्योगच नको, असे कुणी म्हणत असेल तर त्याने बाबासाहेब वाचावेत. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनीच हलका होईल, हे त्यांनी 1918 मध्येच मांडले होते. आणि त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या 48 तासांच्या आठवड्यासाठी कायदादुरुस्ती आणली. त्यांच्या विचारात उद्योग आणि कामगार वेगळे नाहीत.

आपल्यासमोर उदाहरणही आहे. कमानी ट्यूब्स डबघाईला आली, 1988 मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेली, तीही कर्जात बुडाली. 2006 मध्ये कल्पना सरोज यांनी सूत्रे घेतली, कामगारांची थकलेली देणी चुकती केली, कंपनी उभी केली. टिकाऊ कंपनी ती हीच. मात्र एका कल्पनाताईंचा फोटो लावून समाजाचा प्रश्न सुटत नाही. एक मालक झाला आणि हजार कंत्राटीच राहिले, तर व्यवस्था तशीच राहते.

केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के वाटा ठरलेला आहे. स्टँड-अप इंडियात 10 लाख ते 1 कोटी कर्जाची तरतूद झाली. प्रत्यक्षात आपल्या तालुक्यात किती मिळाले? मित्रांनो, जयंतीच्या डीजेआधी एक माहिती अधिकाराचा अर्ज बँकेत आणि एक एमआयडीसीत टाका. भूखंड कुणाला, कर्ज कुणाला, कंत्राट कुणाला, हे लेखी मागा.

आणि उद्या तुमच्या नावाची पाटी लागली, तर पहिल्या दिवसापासून कामगाराचा पीएफ भरा.

जय भीम!