धान्य रस्त्यावर नको, परसात वाळवा

सुगीत सोयाबीन, तूर डांबरी रस्त्यावर वाळत घालायची आपली सवय काही सुटत नाही. मालात खडे येतात, दुचाक्या घसरतात, माणसं हातपाय मोडून घेतात. परसात १० बाय १० फुटांची फरशी घरच्या घरी होते, कर्ज काढायला नको.

काटकसर वर करा, पायात नको. ४ इंच माती काढा. अर्धा ब्रास मुरूम टाकून, पाणी मारून धुमसाने ठोका. काळी जमीन उन्हात भेगाळते, पावसात फुगते. तिथं खोली आणि मुरूम दुप्पट धरा, नाहीतर फरशी हललीच म्हणून समजा. वर इंचभर वाळू, त्यावर शहाबादी. जुन्या घराचे तुकडेही चालतात. उतार भिंतीपासून बाहेर, १० फुटांत २ इंच. सांधे सिमेंट-वाळूने भरून ७ दिवस पाणी मारा.

इंचभर थर दिला तर एका वेळी दीडेक क्विंटल सोयाबीन मावतं. कमी वाटतं ना? टप्प्याटप्प्याने वाळवा. माल तुमच्या डोळ्यांसमोर राहील आणि रस्त्याने जाणारं कुणाचं तरी पोर सुखरूप घरी पोचेल.