लुआरकाठच्या 25 कबरी

वाचकहो, या वेळची सफर सायकलवरची आहे, आणि तीही बरीचशी कच्च्या वाटांवरची. फ्रान्सच्या मधोमध लुआर नदी वाहते. लांबी हजार किलोमीटरहून थोडी जास्त, देशातली सर्वांत लांब नदी. ब्ल्वा या गावातून निघून आंब्वाझ, तूर आणि तिथून दक्षिणेला प्वातिए शहराच्या अलीकडपर्यंत आम्ही जून महिन्यात पाच दिवस फिरलो. या खोऱ्यात जगभरचे पर्यटक येतात ते राजेरजवाड्यांचे महाल पाहायला. ते आम्हालाही दिसले. पण आम्हाला जायचे होते ते आंब्वाझच्या किल्ल्यातल्या एका छोट्या कब्रस्तानात.

आधी सायकलीविषयी. इंग्रजीत खडीला ग्रॅव्हल म्हणतात, त्यावरून या सायकलीला ग्रॅव्हल बाईक हे नाव पडले. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर रुंद, 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडीचे हादरे टायरच सोसतात. ब्रेक डिस्कचे, आणि चढावर सामानासह पाय मारता यावेत म्हणून गियर हलके. आम्ही भाड्याने घेतल्या. वेग ताशी 15 किलोमीटरच्या आसपास. या वेगात शेतातले पीक ओळखता येते आणि समोरून येणाऱ्या माणसाला सलाम करता येतो.

आपल्याकडे शिवरस्ते आणि पाणंद असतात, तशाच फ्रान्सच्या खेड्यांत जुन्या वाटा आहेत. त्या गावाच्या मालकीच्या आणि सर्वांना खुल्या. चुनखडीच्या मुलखात त्या पांढऱ्या दिसतात, म्हणून लोक त्यांना पांढऱ्या वाटाच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतांचे एकत्रीकरण झाले तेव्हा कितीतरी वाटा आणि त्यांच्या कडेची झुडपी कुंपणे नांगराखाली गेली. उरल्या त्यांवरून आज ट्रॅक्टर, पायी फिरणारे आणि सायकलवाले जातात. नदीकाठी मात्र सायकलींसाठी खुणा लावलेला सुमारे 900 किलोमीटरचा मार्ग आहे. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या लांबलचक युरोपीय सायकलमार्गाचा तो एक तुकडा. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हाच धरावा. आम्ही अधूनमधून तो सोडून वरच्या पठारावरच्या पांढऱ्या वाटांना लागत होतो.

हा मार्ग ठिकठिकाणी मातीच्या जुन्या बंधाऱ्यांवरून जातो. 1846, 1856 आणि 1866 अशा तीन मोठ्या पुरांनी लुआरने हे खोरे झोडपले होते. जूनमध्ये मात्र पाणी उतरलेले असते, मध्ये वाळूची बेटे उघडी पडतात आणि त्यांवर सुरय पक्षी घरटी करतात. पाणी शांत दिसले तरी मुलांना त्यात उतरू देऊ नये. खालची वाळू सरकती असते आणि प्रवाह फसवा.

आता घरच्या मंडळींना पडणारे प्रश्न. नमाजचे काय? आपल्याकडे किबला पश्चिमेला. इथे तोंड आग्नेयेला करावे लागते, पहिल्या दिवशी जरा चुकल्यासारखे वाटते. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मगरीबपर्यंत दिवस संपता संपत नाही, आणि इशा होते न होते तोच फजरची तयारी. प्रवासात चार रकातींची कसर आहेच. आमच्यातले कोकणातले शाफई मसलकाप्रमाणे जोहर-असर एकत्र करत, हनफी मंडळी आपापल्या वेळेला थांबत. यावरून कोणाचे बिनसले नाही. खेड्यांतली दुकाने दुपारी बारा ते दोन बहुधा बंद असतात. तोच वेळ आम्ही झाडाखाली जेवण आणि विश्रांतीला दिला आणि उठताना जोहर आटोपून निघालो.

खाण्यात सावध राहावे लागते. तूरच्या परिसरात ‘रियेत’ नावाचा पावाला लावायचा पदार्थ घरोघरी आहे. तो डुकराच्या मांसाचा असतो. बेकरीतल्या खाऱ्या पदार्थांतही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घातलेले असू शकतात, तेव्हा आधी विचारावे. साधा लांब पाव, फळे, अंडी, टोमॅटो, डबाबंद मासे यांवर दिवस छान निघतो. बकरीच्या दुधाचे चीज इथले प्रसिद्ध; सेंत-मोर गावच्या चीजच्या मधोमध राय धान्याची काडी घातलेली असते. चीजमध्ये वापरल्या जाणाऱ्या रेनेटबाबत उलेमांत मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या मसलकाप्रमाणे ठरवावे. तूरसारख्या शहरात हलाल मांसाची दुकाने मिळतात.

हिजाबविषयी नेमके सांगतो, कारण ऐकीव गोष्टींनी लोक घाबरतात. सरकारी शाळांत विद्यार्थिनींना डोक्यावर रुमाल बांधायला 2004 च्या कायद्याने मनाई आहे. 2010 च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे. पण रस्त्यावर, बाजारात, सायकलवर केस झाकलेली स्त्री बिनदिक्कत फिरू शकते. आमच्यातल्या दोघी हिजाबवर हेल्मेट घालून पाचही दिवस चालवत होत्या. काही नजरा वळल्या, नाही असे नाही. पण गावात शिरताना आपण आधी ‘बोंझूर’ म्हटले की समोरचा हमखास उत्तर देतो. तिथे अभिवादन न करता थेट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे समजतात. आपल्याला तर घरात शिरताना आधी सलाम करायची शिकवण लहानपणापासून आहे, त्यामुळे हे जड गेले नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे.

आणि पाणी? तिथले सायकलवाले एक युक्ती सांगतात: कब्रस्तान शोधा. गावोगावी दफनभूमीच्या दाराशी, कबरीवरच्या फुलझाडांना घालायला नळ असतो. ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी नसेल तर लोक बाटल्या भरून घेतात. आम्हीही भरल्या, वुजू केला, आणि परक्या धर्माच्या असल्या तरी मृतांच्या दाराशी आवाज खाली ठेवला.

आंब्वाझचा किल्ला नदीला लागून उंचावर आहे. तिथल्या छोट्या चॅपेलमध्ये चित्रकार लिओनार्दो दा विंची यांची कबर आहे. ते 1516 मध्ये या गावी आले आणि 1519 मध्ये इथेच वारले. बहुतेक लोक ती पाहून परततात. आम्ही बाग ओलांडून पुढे गेलो. तिथे अलेप्पोहून आणलेल्या दगडांचे 25 स्मृतिस्तंभ उभे आहेत आणि त्यांवर कुरआनच्या आयती कोरल्या आहेत. अल्जीरियन वंशाचे कलावंत रशीद कुरैशी यांनी 2005 मध्ये ही बाग रचली. प्रत्येक दगड एका मृताचा. ही सारी माणसे अमीर अब्दुल कादिर अल-जझाइरी यांच्या घरची आणि सोबतची.

अमीरांची कथा थोडक्यात अशी. फ्रान्सने अल्जीरियावर कब्जा करायला सुरुवात केल्यावर त्यांनी सुमारे पंधरा वर्षे लढा दिला. डिसेंबर 1847 मध्ये त्यांनी शस्त्र खाली ठेवले ते एका वचनावर: आपल्याला माणसांसह पूर्वेकडच्या मुस्लिम मुलखात, अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे जाऊ द्यावे. फ्रेंच सेनापतीने ते मान्य केले, पण सरकारने पाळले नाही. आधी तुलों, मग पो, आणि नोव्हेंबर 1848 पासून आंब्वाझ असा त्यांचा बंदिवास झाला. उन्हाच्या देशातली माणसे चार वर्षे या दमट दगडी किल्ल्यात राहिली, आणि त्यांतली 25 इथेच दफन झाली. आयुष्य घोड्याच्या पाठीवर काढलेल्या या माणसाला खिडकीतून दिसत होती ती हीच नदी. 16 ऑक्टोबर 1852 रोजी लुई नेपोलियनने स्वतः किल्ल्यात येऊन त्यांना सुटकेची बातमी दिली. ते आधी तुर्कस्तानातल्या बुर्सा इथे आणि 1855 मध्ये दमास्कसला गेले.

पुढचा भाग मुलांना जरूर सांगावा. 1860 च्या जुलैमध्ये दमास्कसमध्ये ख्रिस्ती वस्त्यांवर जमाव तुटून पडला. तेव्हा अमीर आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन रस्त्यावर उतरले. हजारो ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना त्यांनी आसरा दिला, स्वतःच्या घरात ठेवून घेतले, जमावाला दारातून परत पाठवले. ज्यांनी वचन मोडले, ज्यांच्या कैदेत आपल्या माणसांची कबर खणावी लागली, त्यांच्याच धर्माची ही माणसे होती. अमीरांनी तो हिशेब मांडला नाही. निरपराध माणसाचा जीव वाचवणे हे मुसलमान म्हणून आपले कर्तव्य आहे, एवढेच त्यांनी पाहिले. आम्ही त्या दगडांपाशी फातेहा पढली.

हा इतिहास तिथे सर्वांना रुचतो असे नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये आंब्वाझमध्ये अमीरांचे एक पोलादी शिल्प उभे राहिले, तेव्हा उद्घाटनाच्या काही तास आधी कोणीतरी त्याचा खालचा भाग मोडून टाकला. त्याच दिवशी त्या मोडक्या शिल्पापुढेच कार्यक्रम पार पडला.

तिथून आंद्र नदी ओलांडून, गव्हाच्या आणि सूर्यफुलांच्या शेतांतून दोन दिवस दक्षिणेला गेलो. व्हिएन आणि क्लँ या नद्यांच्या मधल्या भागात मुसे-ला-बातै ही वाडी आहे. 732 मध्ये अंदालुसचे सुभेदार अब्दुर्रहमान अल-गाफिकी आणि शार्ल मार्तेल यांची लढाई झाली, तिची जागा म्हणून ही वाडी दाखवतात. नेमक्या जागेबद्दल इतिहासकारांत वाद आहे. अल-गाफिकी तिथे मारले गेले. आज उतारावर बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी आणि माहितीचे फलक आहेत, बाकी शेत. या एका सालाभोवती फ्रान्समध्ये अजून राजकारण चालते. 2012 मध्ये प्वातिए इथे बांधकाम चालू असलेल्या मशिदीच्या छतावर काही अतिउजवे तरुण चढले होते, तेव्हा त्यांच्या फलकावरही 732 हाच आकडा होता.

आमच्यातल्या एका मुलाने त्या पटावर उभे राहून विचारले, “आपण इथे हरलो का?” आम्ही त्याला सांगितले की तेराशे वर्षांपूर्वी दोन फौजा लढल्या, त्यांत ना तू होतास, ना सकाळी आपल्याला पाणी भरून देणारी ती बाई. कुरआन आपल्याला जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहायला वारंवार सांगतो. ते पाहणे धडा घेण्यासाठी आहे. जुने हिशेब आजच्या शेजाऱ्याच्या नावावर मांडायचे ठरवले तर तिथल्या त्या तरुणांत आणि आपल्यात फरक काय उरेल? आपल्या गावातही हा प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या सालाच्या निमित्ताने समोर येतोच.

त्या मुलाला आंब्वाझच्या 25 दगडांतला सर्वांत छोटा कोणता होता ते आठवत होते. आम्हाला ते पुरेसे वाटले. जाणाऱ्यांसाठी शेवटचे एवढेच: मे अखेर ते जून हा काळ चांगला, दिवसाला 40 किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका, रविवारच्या खाण्याची तजवीज शनिवारीच करा. आणि आंब्वाझला गेलात तर चॅपेलपाशी थांबू नका, बाग ओलांडून पुढे जा.