सेप्टिक टँक तपासा, पण आत कुणालाही उतरवू नका!

अहिल्यानगर जिल्ह्यातील घरमालक, सोसायट्या आणि ग्रामपंचायतींना तातडीचे आवाहन



९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातील वाकडी गावात शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरे धावले. पाच जणांचा जीव गेला. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. आपल्या घरामागच्या सेप्टिक टँकमध्येही घाण कुजते आणि तसेच घातक वायू साठतात. पावसाळ्यापूर्वी टाकी तपासाच. मात्र ही सगळी तपासणी वरूनच होते.

तपासणी अशी करा :

१. सोबत दुसरा माणूस ठेवा. मुलांना लांब ठेवून झाकणे उघडा आणि टाकीत बराच वेळ हवा खेळू द्या. आत वाकून डोकावू नका. विडी, काडी, दिवा जवळ नको, मिथेन भडकतो. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असे समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होते.

२. टाकी पाण्याने भरलेली दिसली म्हणून घाबरू नका. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत ती भरलेलीच असते. पाणी त्याच्याही वर चढले असेल, तर पाइप किंवा शोषखड्डा तुंबला आहे.

३. लांब बांबूच्या टोकाला जाड पांढरे फडके गुंडाळून तळाला टेकवा. काही मिनिटांनी हळूच वर काढा. फडके जिथवर काळे झाले, तिथवर गाळ. तळाचा गाळ आणि वर तरंगणारा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले, की टाकी उपसायची. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येतेच.

४. शोषखड्ड्याभोवती ओल किंवा दुर्गंधी आहे का पाहा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर त्यापासून किमान १८ मीटर लांब हवी.

५. गॅस पाइपची जाळी शाबूत आहे ना, तेही बघा. तडकलेले झाकण त्याच दिवशी बदला.

उपसा फक्त मैला ओढणाऱ्या टँकरनेच करा. त्यासाठी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे चौकशी करा. मैला ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू देऊ नका. "थोडक्यात उतरून साफ करून देतो" म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि 'कुणालाही कामाला लावू नये' या बंदीतून घरमालक सुटत नाही.

चुकून कुणी आत पडलेच, तर त्याच्यामागे उडी मारू नका. वरूनच दोर सोडा, टाकीत हवा जाऊ द्या आणि लगेच ११२, १०१ किंवा १०८ ला फोन करा. अशा वेळी मागोमाग उतरणाराच दुसरा बळी ठरतो.

ग्रामपंचायतींनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा आणि टँकरचालकाचा क्रमांक फलकावर लावावा. घरमालकांनी याच आठवड्यात तपासणी उरकावी. टाकी उपसायला झाली असेल, तर पाऊस सुरू होण्याआधी टँकर सांगून ठेवा.