भरताची वांगी कोणत्या ओळीतली?



उन्हाळ्यात घरातल्या चुलीपुढे बसणे म्हणजे माउलीची परीक्षाच. अशा दिवशी सांज झाली की अंगणात तीन दगड मांडा आणि भरताचा बेत करा. खानदेशात भरताचा खरा थाट थंडीतला. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण विहिरीला पाणी असले की उन्हाळी वांगी असतातच, आणि त्यांचे भरीतही चवीला कमी नसते.

पाच माणसांना किलोभर वांगी पुरतात. आकाराने मोठी पण हाताला हलकी लागणारी निवडा. जड वांग्यात बिया जास्त. अळीचे भोक नाही ना, ते पाहा. तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचा, म्हणजे भाजताना फुटणार नाहीत. तुराट्यांच्या जाळावर फिरवत भाजा. देठाजवळ मऊ लागले की झाले. त्याच विस्तवात दोन कांदे, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि दोन कैऱ्या भाजून घ्या. वांगी सोलून कुटा. मिरची, लसूण, मीठ ठेचून घाला. शेंगदाणे तेलात परतून वर ओता, कोथिंबीर पेरा. कैरीच्या गरात गूळ, मीठ, जिरेपूड आणि माठातले पाणी घातले की पन्हे तयार. सोबत कळण्याची भाकरी आणि भाजलेला कांदा. उठताना विस्तवावर पाणी ओतायला विसरू नका. उन्हाळी वाऱ्याचा भरवसा नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी अशाच बेताला एका वस्तीवर गेलो होतो. जाळ पेटला होता. घरची लेक ओटीभर वांगी घेऊन आली. मी सहज विचारले, "कोणत्या वाफ्यातली गं?" ती म्हणाली, "विहिरीकडच्या. तिथलीच टवटवीत आहेत." तिच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्या वाफ्यावर त्यांनी आदल्याच दिवशी कीटकनाशक फवारले होते. बाजाराचा तोडा कधी करायचा, हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. पण घरात कोणाला सांगितलेच नव्हते. वांगी खड्ड्यात पुरली आणि आम्ही भाजलेला कांदा नि भाकरी खाल्ली. कोणी काही बोलले नाही.

मंडळी, फवारणारा एक आणि तोडणारी दुसरी, तिथे चूक घडते. काही औषधे फळात मुरतात. ती धुऊन जात नाहीत आणि साल काढल्यानेही सगळी जात नाहीत. म्हणून तीन गोष्टी करा.

एक, फवारणीनंतर किती दिवस तोडा करू नये हे डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकावर छापलेले असते. ते वाचा आणि तेवढे दिवस थांबा. बाजारासाठीही हाच नियम. घेणाऱ्याच्या घरीही लेकरे आहेत.

दोन, फवारल्या दिवशी वाफ्याच्या तोंडाशी लाल चिंधी बांधा. तोड्याचा दिवस घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहा आणि घरात सर्वांना सांगा.

तीन, दहा-बारा झाडे घरासाठी वेगळी, फवारणीचा वारा लागणार नाही अशा जागी लावा. अळीने सुकलेले शेंडे व किडकी फळे दर आठवड्याला काढून नष्ट करा. अर्धा किलो निंबोळ्यांचा भरडा दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडा साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण दहा लिटर पाणी करून फवारा. चार वांगी किडकी निघतील, निघू द्या.

मालाची निवड करताना आपण चांगले ते गिऱ्हाइकाला देतो. घरच्या ताटाचाही तेवढाच विचार व्हावा, एवढेच मागणे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. रामराम.