एक डिसेंबरची रांगोळी पुरे झाली



दर वर्षी 1 डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, शाळाशाळांतून प्रभातफेरी निघते, फळ्यावर लाल रिबीन काढली जाते, रांगोळी स्पर्धेचे क्रमांक जाहीर होतात. मुलांना एवढं पाठ असतं : एचआयव्ही डास चावून होत नाही, हात मिळवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. हे खरं आहे, आणि बाधितांना कुणी वाळीत टाकू नये म्हणून सांगायलाच हवं. पण मग होतो कशाने? इथे पाहुण्यांचा आवाज खाली येतो, 'असुरक्षित संबंध' हे दोन शब्द उरकले जातात आणि लगेच आभारप्रदर्शन. भारतात बहुतांश लागण याच मार्गाने होते. सुरक्षित म्हणजे काय, हे पंधरा वर्षांच्या मुलाने कुणाला विचारायचं?

वर्गातही तीच गत. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. तो 'घरी वाचून या' म्हणून सोडण्याची कित्येक शाळांची जुनी रीत. (आकृतीला नावं द्या, हा प्रश्न मात्र हमखास करून घेतात.) 2007 मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी रोखला. कारण काय, तर मुलं बिघडतील. ज्या राज्यात र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्याचं मासिक सुरू केलं, त्या राज्याने ऐंशी वर्षांनी हे म्हणावं! युनेस्कोने देशोदेशीचे अभ्यास तपासून 2009 आणि पुन्हा 2018 मध्ये सांगितलं आहे की, लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत. आणि न शिकवण्याचं फळ? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची नीट माहिती असलेल्या स्त्रिया पाचात जेमतेम एक, पुरुष दहात तीन.

'अठराच्या आत संबंध गुन्ह्यातच बसतात, मग शिकवायचं कशाला?' असं विचारलं जातं. उलट, म्हणूनच शिकवायला हवं. अठराखालच्या मुलाच्या एचआयव्ही चाचणीला पालकाची संमती लागते. पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. कायदा बदलावा की नाही, हा वेगळा वाद. पण घाबरलेलं मूल सिव्हिलची पायरी चढत नाही, हे उघड आहे. धोक्याचा संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत औषधं सुरू करून 28 दिवस घेतली तर लागण टळू शकते. ही गोष्ट त्याला माहीतच नसेल, तर ते तीन दिवस भीतीत आणि मित्रांच्या अर्धवट सल्ल्यात जातात.

कॉलेजांत रेड रिबन क्लब आहेत, चांगलं आहे. पण दहावीनंतर शाळा सोडून ट्रकवर क्लीनर म्हणून चढणाऱ्या पोराला तो क्लब कुठे भेटणार? दहावी झालेली मुलगी सतराव्या-अठराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहते, ती नवऱ्याला काय विचारणार?

तेव्हा मुख्याध्यापकांनी रांगोळी ठेवायची तर ठेवावी, पण त्याआधी नववी-दहावीला दोन तास द्यावेत. जवळच्या आयसीटीसीतले (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रातले) समुपदेशक बोलवावेत; त्यांना हे बोलायची सवय असते, आपल्या शिक्षकांना नसते. कंडोम हा शब्द उच्चारावा, तो कसा आणि का वापरतात हे सांगावं. 'नाही' म्हणण्याचा हक्कही त्याच तासाला शिकवावा. मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात आणि फळ्यावर 1097 हा मोफत हेल्पलाइनचा क्रमांक लिहून द्यावा. चिठ्ठ्यांतले प्रश्न पालकसभेतही वाचून दाखवावेत, म्हणजे बिघडण्याची चर्चा जरा जमिनीवर येईल.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा