‘वऱ्हाड’ सापडत नाही

‘वऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. एकात ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडने पहिला मार्ग मान्य केला व जुन्या मजकुराच्या सोयीसाठी दुसराही राहू दिला. नागपुरातील आमच्या विभागात वऱ्हाडी बोलीवरील एक प्रबंध पडद्यावर धुंडाळताना उत्तर आले : शब्द आढळला नाही. शब्द तर पानोपानी होता!

ही बाब किरकोळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. गुरू आणि स्वयंपाकी यांतला भेद ज्या अर्ध्या ‘र’वर उभा आहे, त्याचीच ही गत. (‘ऱ’ला युनिकोडमध्ये जागा मिळाली तीही द्राविडी वर्णाच्या लिप्यंतरासाठी, आपण तेथे भाडेकरू.)

कोरियन हंगुलमध्ये 19 आद्य व्यंजने, 21 स्वर आणि 27 अंत्य व्यंजने आहेत. अंत्य व्यंजन नसलेली अक्षरे धरून एकूण 11,172 होतात. 1996च्या युनिकोड 2.0मध्ये त्या सर्वांना स्वतंत्र संकेतांक मिळाले, आणि त्यासाठी आधी दिलेल्या 6,656 अक्षरांच्या जागा रद्द झाल्या. प्रत्येक जोडाक्षराला असा अंक द्या, असा आमचा हट्ट नाही; घटक जोडण्याची आपली रीत पुरेशी आहे. आम्हांस हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हंगुलचे घटक सुटे लिहा की अखंड अक्षर लिहा, दोन्ही एकच मानावेत, असा नियम प्रमाणातच आहे. मराठीच्या वाट्याला तो आला नाही. 2008 साली ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला, तेव्हाही ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला जुना ‘ॲ’ त्याच्याशी समतुल्य ठरला नाही.

अभियंत्यांना बोल लावणे सोपे आहे. पण ऱ्हस्व-दीर्घावर चर्चासत्रे गाजवणारे आम्ही मराठीचे प्राध्यापक तेव्हा काय करीत होतो? 2009च्या शासननिर्णयाने ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे ठरवली, त्यावर आम्ही हिरिरीने भांडलो. त्या वळणांमागे कोणता अंक साठवला जातो, हे विचारण्याची गरज मात्र आम्हांस भासली नाही. लिपी म्हणजे केवळ तिचे दिसणे, हा आमचा समज संगणकाने केव्हाच मोडीत काढला आहे.

विद्यापीठे प्रबंधाच्या समासाची रुंदी ठरवून देतात. त्याच पत्रकात एक ओळ वाढवावी : अर्धा ‘र’ केवळ ‘ऱ’ आणि हलन्त यांनीच लिहावा, आणि जुने प्रबंध तसे बदलूनच संग्रहात ठेवावेत.